गैरहजेरीच्या दिवसांचा हिशेब

खास प्रतिनिधी

पिंपरी : मुंबई-पुणे महामार्ग सोडून रेल्वेमार्ग ओलांडला की पिंपरी कॅम्पाची बाजारपेठ सुरू होते. कापड, भांडी आणि विजेच्या उपकरणांच्या दुकानांच्या या गर्दीत ‘कॅम्प’ या शब्दाचा मूळ अर्थ आता फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला, नगरपालिका १९७० मध्ये आणि महापालिका १९८२ मध्ये. छावणी या सर्वांच्या आधीची. त्या पिढीच्या नागरिकत्वाचा प्रश्न केव्हाच मिटला. मात्र सक्कर, शिकारपूर, जेकोबाबाद, घोटकी येथे मागे राहिलेल्या नातेवाइकांचे येणे त्यानंतरही थांबले नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या कुटुंबांना आज ना उद्या नागरिकत्वाचा अर्ज भरावा लागतो आणि तेथे एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो : या वर्षांत तुम्ही भारतात किती दिवस होता आणि किती दिवस नव्हता?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर अर्जाचे भवितव्य ठरते. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक अट कायद्यातील आहे. शिकारपूरकडील एक गृहस्थ २००९ च्या प्रारंभी पिंपरीत आले. त्यांचे वडील १९४७ पूर्वीचे, म्हणजे अविभाजित भारतात जन्मलेले. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हे गृहस्थ ‘भारतीय वंशाचे’ ठरतात आणि नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार त्यांना नोंदणीचा मार्ग खुला होतो. २०११ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी ते ८० दिवस सिंधमध्ये होते, २०१४ मध्ये वडिलांच्या आजारपणात ७५ दिवस. १ जुलै २०१८ रोजी अर्ज करावयाचा असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी जानेवारीत आई गेली. ते २८ दिवसांत परतणार होते. सिंधशी जोडणारी थर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच धावत असे. परतीची एक गाडी चुकली आणि २८ चे ३५ दिवस झाले.

या तीन प्रवासांपैकी पहिले दोन निरुपद्रवी ठरतात, तिसरा अर्ज अडवितो. कलम ५ मधील स्पष्टीकरण पाहिले की कारण कळते. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने अर्जदार भारतात राहिलेला असला पाहिजे आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे तो येथे असला पाहिजे. म्हणजे आधीच्या आठ वर्षांत तब्बल दोन वर्षांची अनुपस्थिती कायद्याला चालते. बहिणीचे लग्न आणि वडिलांचे आजारपण मिळून १५५ दिवस भरतात. त्यांची अडचण नाही. शेवटच्या बारा महिन्यांत मात्र मूळ मजकुराप्रमाणे एका दिवसाचीही मोकळीक नव्हती. २०१५ च्या दुरुस्तीने ती दिली. विशेष परिस्थिती असल्याची खात्री पटल्यास, ती लेखी नमूद करून, केंद्र सरकार कमाल ३० दिवसांची सूट देऊ शकते आणि हे दिवस तुकड्यातुकड्याने असले तरी चालतात. २८ दिवस या मर्यादेत बसले असते. ३५ बसत नाहीत. चुकलेल्या एका गाडीमुळे अर्जाची तारीख फेब्रुवारी २०१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने पुढे जाते.

शिवाय ही सूट हक्काची नाही. ‘विशेष परिस्थिती’ म्हणजे काय, याची यादी कायद्यात नाही. आईचा मृत्यू विशेष मानला जाईल असे कोणालाही वाटेल. चुलत भावाचे लग्न? दुकानाच्या वाटणीसाठी झालेली फेरी? उत्तर अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टिपणीत दडलेले असते. प्रवासाचा दिवस आत मोजायचा की बाहेर, हा हिशेबही कायद्याच्या मजकुरात दिलेला नाही. मध्यरात्री सीमा ओलांडणाऱ्याला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही.

अर्जदाराचे आई-वडील फाळणीनंतर जन्मलेले असतील, तर भारतीय वंशाची ही वाट बंद होते. तिसरी पिढी आता याच गटात मोडते. तिच्यासाठी उरते ते नैसर्गिकीकरण, आणि तेथील मोजमाप अधिक लांबलचक. पुन्हा सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अकराची पाच वर्षे केली. शेवटच्या बारा महिन्यांची अट मात्र आहे तशीच राहिली. सवलतीचा गाजावाजा पुष्कळ झाला. ज्या अटीवर सामान्य माणूस अडखळतो, तिला कोणी हात लावला नाही.

जुनीच तारीखवार मोजणी

नागरिकत्व आणि प्रवास यांची ही गाठ आजची नव्हे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. त्या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू झाली. त्यापूर्वी येऊन येथेच राहिलेला निर्वासित आपोआप नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्याला नोंदणी करावी लागली आणि नोंदणीच्या अर्जापूर्वी किमान सहा महिने येथे राहिल्याचे दाखवावे लागले. सातवा अनुच्छेद तर जाऊन परत आलेल्यांविषयीच आहे. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला मनुष्य नागरिक मानला जाणार नाही. पुनर्वसनाच्या परवान्यावर परतला असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत या अनुच्छेदांवर तीन दिवस चर्चा झाली. एखाददुसरा अपवाद सोडल्यास मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्या तरतुदीने दिली नाही, अशा आशयाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढले होते. कोण आला, कधी आला, मध्ये किती काळ गेला होता, हे ठरविणे तेव्हाही सोपे नव्हते.

फरक एवढाच, की तेव्हाच्या निर्वासिताला परत जाण्यासारखे घर उरले नव्हते. आज व्हिसावर आलेल्याचे अर्धे घर तिकडे असते. तो जातो, कारण तिकडे आई असते. आणि तो जपून जातो, कारण दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील व्यक्तीला निघण्यापूर्वीच परतीची अनुमती घ्यावी लागते. म्हणजे त्याची प्रत्येक फेरी सरकारच्या माहितीने आणि परवानगीने होते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

राहणे वेगळे, हजर असणे वेगळे

अर्जाबरोबर जोडली जाणारी कागदपत्रे पाहिली तर त्यांत एक विसंगती दिसते. विजेचे बिल, भाडेकरार, मुलांचा शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक हे सारे पत्त्याचे पुरावे आहेत. बिल ज्याच्या नावावर असते तो घरी असला काय आणि सक्करला असला काय, बिल येतच राहते. दिवसांची मोजणी त्यावरून होत नाही. चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याकडे भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी विम्याच्या महिनावार नोंदी असतात, हजेरीपट असतो. कॅम्पातील कापडाच्या दुकानात भावाच्या हाताखाली बसणाऱ्याकडे असे काहीच नसते. त्याच्या उपस्थितीचा खरा पुरावा एकच, तो म्हणजे पासपोर्टवरील शिक्के.

आणि शिक्के मोठे बेभरवशाचे. कोठे शाई फिकी पडलेली, कोठे एकावर दुसरा उमटलेला, कोठे तारखेचा आकडा अर्धवट. मुनाबाव येथे भारतातून बाहेर पडल्याची तारीख एक आणि पलीकडे प्रवेशाची तारीख दुसऱ्या दिवसाची, असेही होते. पासपोर्टची मुदत संपल्यावर दिल्लीतील पाकिस्तानी उच्चायुक्तालयातून नवा घ्यावा लागतो. मग जुने पुस्तक जपून ठेवणे ओघानेच आले. ज्याने ते हरविले, त्याच्या आधीच्या वर्षांतील फेऱ्यांचा हाती असलेला एकमेव दाखला गेला. नावाच्या स्पेलिंगचा घोळ तर प्रत्येक सिंधी घरात आढळतो. उर्दू आणि सिंधी लिपीतून इंग्रजीत आणि तेथून मराठीत येताना आडनावातील एखादा स्वर बदलतो आणि एकाच माणसाचे दोन पासपोर्ट दोन माणसांचे भासू लागतात.

घरातील स्त्रियांची बाजू येथे स्वतंत्रपणे पाहावयास हवी. भारतीयाशी विवाह करून आलेल्या पाकिस्तानी स्त्रीलाही सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कलम ५ खाली अर्ज करता येतो. ती कोणत्याही धर्माची असो, हा मार्ग तिला खुला आहे. पण तिचे माहेर सीमेपलीकडे असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, सिंधमध्येही माहेरची ओढ काही वेगळी नाही. कायद्याच्या लेखी मात्र ते माहेरपण म्हणजे अनुपस्थितीचे दिवस. शेवटच्या वर्षात असे जाणे झाले, तर अर्ज लांबणीवर पडतो. येथे जन्मलेल्या मुलाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. ३ डिसेंबर २००४ पासून केवळ भारतात जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. आई-वडील दोघेही पाकिस्तानी नागरिक असतील, तर पिंपरीत जन्मून पिंपरीच्याच शाळेत शिकलेले मूलही परकीय राहते आणि आई-वडिलांच्या अर्जाला झालेला उशीर त्याच्याही वाट्याला येतो.

नोंद सरकारकडे, पुरावा अर्जदाराकडे

या साऱ्यात खटकते ते हे. परकीय नागरिक देशात आला किंवा बाहेर पडला, की त्याची नोंद सीमेवरील इमिग्रेशन यंत्रणा करते. जाण्याची अनुमती सरकारनेच दिलेली असते. राहत्या जागेची माहिती परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात असते. म्हणजे गैरहजेरीचा अचूक तक्ता सरकारच्याच दफ्तरी तयार आहे. तरीही तो तक्ता अर्जदाराने शिक्के वाचून, आठवून स्वतः मांडावयाचा, आणि मग सरकारने आपल्या नोंदीशी तो ताडून पाहावयाचा, अशी रीत आहे. दोहोंत दोन दिवसांचा फरक निघाला तर माहिती दडविल्याचा संशय अर्जदारावर येतो. अर्जदाराला स्वतःची अधिकृत प्रवासनोंद आधी पाहता येईल, अशी खुली सोय आपल्याकडे रूढ झालेली नाही.

अन्य देशांतही मोजणी काटेकोर आहे. ती कशी, हे पिंपरी-चिंचवडच्या असंख्य घरांना ठाऊक आहे, कारण निगडी-प्राधिकरणातील किंवा वाकडमधील अभियंता मुलगा टोरांटोला नाहीतर लंडनला असाच तक्ता भरत बसलेला असतो. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष हजर असावे लागते. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस उपस्थितीत धरला जातो, हे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे आणि बेरजेसाठी सरकारनेच गणकयंत्र उपलब्ध केले आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण अर्जदाराला पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवस बाहेर राहण्याची मुभा आहे. तेथे आणखी एक गमतीची अट आहे : अर्ज पोहोचण्याच्या बरोबर पाच वर्षे आधीच्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये असलेच पाहिजे. त्या दिवशी कोणी सुटीसाठी पुण्यात असेल तर हिशेब बिघडला. ऑस्ट्रेलियात चार वर्षांत एकूण बारा महिने आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस. अमेरिकेत पाच वर्षांपैकी निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, देशात असावे लागते. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली तर वास्तव्याचे सातत्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते आणि ते तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. पण तेथे परकीय नागरिकाला आपल्या येण्याजाण्याचा तपशील सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो.

आपली अट आणि या देशांच्या अटी शेजारी ठेवल्या की चित्र उलटे दिसते. दीर्घ काळाच्या हिशेबात भारत उदार आहे; आठपैकी दोन वर्षे बाहेर राहिलेले आपल्याला चालते. शेवटच्या वर्षात मात्र ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ९० दिवस देतात तेथे आपण मुळात शून्य देतो आणि मेहेरबानी झाली तर ३०. अर्ज करणारा मनुष्य येथेच स्थायिक होऊ इच्छितो याची खात्री सरकारला हवी असते आणि पाकिस्तानशी असलेल्या संबंधांत सुरक्षेचा विचार अपरिहार्य आहे, हे मान्यच. पण ही अट केवळ पाकिस्तानातून आलेल्यांपुरती नाही.

ती परदेशातून परतलेल्या मराठी माणसालाही लागू होते, आणि हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. अमेरिकी नागरिकत्व घेतले त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर येथे आयुष्यभर राहता येते, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. निवृत्तीनंतर प्राधिकरणातल्या घरी परतलेल्या अशा एखाद्या जोडप्याला पुन्हा भारतीय व्हावयाचे असेल, तर पूर्वी भारताचे नागरिक असल्याच्या आधारावर त्यांना अर्ज करता येतो. अट एकच : अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य. आणि नेमके याच वर्षी न्यू जर्सीत लेकीचे बाळंतपण येते. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. शिकारपूरच्या गृहस्थाची आणि प्राधिकरणातल्या आजी-आजोबांची अडचण येथे तंतोतंत सारखी होते.

त्यातच शिक्क्यांचा जमाना मावळतो आहे. ब्रिटनने अमेरिकी पासपोर्टधारकांना २०१९ पासून स्वयंचलित दरवाजांतून शिक्क्याविना प्रवेश दिला. युरोपातील शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद आणली. भारतातही २०२४ मध्ये दिल्लीपासून विश्वासू प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशनची सोय सुरू झाली आणि ती ओसीआय कार्डधारकांनाही देण्यात आली. नोंद यंत्रात जाणार आणि प्रवाशाच्या हाती काहीच उरणार नाही, असा हा बदल आहे. ज्याला पुढे दिवसांचा हिशेब द्यावयाचा आहे, त्याने तिकिटे आणि बोर्डिंग पास जपून ठेवलेले बरे.

कोणता प्रवेश खरा?

पिंपरीतील सिंधी अर्जदारांसाठी गेल्या काही वर्षांत दोन वाटा तयार झाल्या. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने देशातील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील सहा समुदायांच्या अर्जांवर निर्णयाचे अधिकार दिले. महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, नागपूर आणि पुणे यांचा त्यांत समावेश होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये हे अधिकार पुढे चालू ठेवण्यात आले. दिल्लीच्या फेऱ्या वाचल्या, हा मोठाच दिलासा. दुसरी वाट ११ मार्च २०२४ रोजी सुधारित कायद्याचे नियम प्रसिद्ध झाल्यावर उघडली. तेथे जिल्हाधिकारी नाहीत. जिल्हा पातळीवरील समितीचे काम टपाल खात्याच्या अधीक्षकांकडे आणि निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आल्याचा पुरावा म्हणून वीस प्रकारचे कागद चालतात. रेशन कार्ड, वाहन परवाना, शाळेचा दाखला यांपैकी एखादाही पुरतो, आणि त्याची मुदत संपलेली असली तरी हरकत नाही.

कागदांच्या बाबतीत एवढे सैल असलेले हे नियम एका प्रश्नाला मात्र भिडत नाहीत. या मार्गाने नागरिकत्व मिळालेला मनुष्य भारतात ‘प्रवेश केल्याच्या दिनांकापासून’ नागरिक मानला जातो. २००९ मध्ये आलेला, २०११ आणि २०१४ मध्ये जाऊन परतलेला गृहस्थ नेमका कोणत्या प्रवेशापासून नागरिक? पहिला प्रवेश धरला, तर नंतरच्या दोन्ही फेऱ्या त्याने पाकिस्तानी पासपोर्टवर, पण भारतीय नागरिक असताना केल्या असा अर्थ होतो. हा शब्दच्छल वाटेल. वारसाहक्क, मुलांचे नागरिकत्व किंवा मालमत्तेची खरेदी यांचा वाद न्यायालयात गेला की तोच कळीचा मुद्दा होईल.

दरम्यान, जाण्यायेण्याचे मार्गच एकेक करून बंद झाले. ४१ वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झालेली थर एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली, समझोता एक्स्प्रेसही तेव्हाच. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची तपासणी चौकी बंद करण्यात आली आणि पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, हे परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. तोवरचे काही दिवस या कुटुंबांनी कसे काढले असतील याची कल्पना करता येते. राज्यातील पाकिस्तानी नागरिकांची जी मोजदाद त्या वेळी जाहीर झाली, तीत नागपूर, ठाणे, जळगावबरोबर पिंपरी-चिंचवडचेही नाव होते. वर्षानुवर्षे येथे दुकान चालविणाऱ्या माणसाला आपण अजून कागदावर परकीय आहोत, याची जाणीव अशा वेळी प्रकर्षाने होते. अर्ज आठ महिने पुढे गेला म्हणजे काय होते, याचे उत्तर त्या एप्रिलमध्ये मिळाले.

दुरुस्ती फार मोठी नको आहे. अर्जदाराने मागितल्यास त्याच्या येण्याजाण्याचा प्रमाणित उतारा इमिग्रेशन यंत्रणेने ठरावीक मुदतीत द्यावा आणि तोच अर्जाला जोडला जावा. प्रवासाचे दिवस कसे धरावयाचे, हे नियमांत एका ओळीत लिहावे. आई-वडील, पती-पत्नी वा अपत्य यांचा मृत्यू आणि गंभीर आजार ही ‘विशेष परिस्थिती’ आहे असे नमूद करावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना संसदेत जाण्याचीही गरज नाही. नियम आणि परिपत्रक पुरेसे आहे. ३० दिवसांची मर्यादा वाढवावयाची असेल तर मात्र कायदाच बदलावा लागेल, आणि २०१५ मध्ये तो एकदा बदललेला आहे.